हाइड पार्कचे रूझवेल्ट ग्रंथालय व संग्रहालय : सहकुटुंब एक दिवसाच्या सहलीबाबत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सी, न्यू यॉर्क आणि कनेक्टिकट या भागांत राहणारी मराठी कुटुंबे उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आई-वडिलांना घेऊन नायगारा आणि वॉशिंग्टनला आवर्जून जातात. हडसन नदीकाठचे हाइड पार्क मात्र बहुतेकांच्या यादीत नसते. अमेरिकेचे माजी अध्यक्ष फ्रँकलिन डिलानो रूझवेल्ट यांचे जन्मघर, त्यांनी हयातीतच उभारलेले ग्रंथालय व संग्रहालय आणि त्यांची समाधी या तिन्ही गोष्टी तेथे एकाच आवारात आहेत. तीन पिढ्यांनी मिळून पाहावे असे हे ठिकाण आहे आणि ते नीट पाहायचे असेल तर पूर्ण दिवस त्यालाच द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. या सहलीविषयी नातेवाईक आणि परिचितांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

अध्यक्षांचे ग्रंथालय म्हणजे नेमके काय असते?

आपल्या गावातल्या वाचनालयाप्रमाणे तेथे पुस्तके घरी नेता येत नाहीत. एखाद्या अध्यक्षाच्या कारकिर्दीतील पत्रे, टिपणे, भाषणांचे मसुदे, छायाचित्रे आणि भेटवस्तू जपून ठेवणारा तो सरकारी दफ्तरखाना असतो आणि त्याला जोडून सर्वांसाठी संग्रहालय असते. रूझवेल्ट यांच्यापूर्वी अध्यक्ष पायउतार झाले की आपले कागद खासगी मालमत्ता म्हणून सोबत नेत असत. त्यांतले काही वारसांमध्ये वाटले गेले, काही विकले गेले आणि काही चक्क जाळले गेले. रूझवेल्ट यांनी डिसेंबर १९३८ मध्ये आपले सर्व कागद राष्ट्राला देण्याचा निर्णय जाहीर केला, इमारतीसाठी आपल्या वडिलोपार्जित मळ्यातली जमीन दिली, बांधकामाचा खर्च खासगी देणग्यांतून उभा राहिला आणि ३० जून १९४१ रोजी संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. अमेरिकेतील हे अशा प्रकारचे पहिले ग्रंथालय होय. पुढे १९५५ मध्ये याच धर्तीवर कायदा झाला आणि १९७८ च्या कायद्याने अध्यक्षांचे अधिकृत कागद ही राष्ट्राचीच मालमत्ता ठरली.

सत्तेवर असलेल्या माणसाने आपलीच कागदपत्रे उद्याच्या टीकाकारांच्या हाती सोपवण्याची व्यवस्था स्वतः करून ठेवावी, ही गोष्ट आम्हांला या ठिकाणाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते. मुलांना आत नेण्यापूर्वी एवढे एक सांगितले, तर पुढच्या प्रत्येक दालनाकडे ती निराळ्या नजरेने पाहतात.

हाइड पार्क आहे कोठे आणि तेथे कसे जावे?

हे गाव न्यू यॉर्क शहराच्या उत्तरेस सुमारे ९० मैलांवर, हडसनच्या पूर्व तीरावर आहे. न्यू जर्सीतील एडिसन किंवा पार्सिपनीकडून निघाल्यास न्यू यॉर्क थ्रूवेने न्यू पाल्ट्झपर्यंत जावे, मिड-हडसन पुलावरून नदी ओलांडून पकीप्सीत यावे आणि तेथून ९ क्रमांकाच्या रस्त्याने उत्तरेकडे वळावे. हा पूल रूझवेल्ट राज्याचे गव्हर्नर असताना, १९३० मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. वेस्टचेस्टर किंवा कनेक्टिकटच्या बाजूने येणाऱ्यांना टॅकॉनिक पार्कवे सोयीचा पडतो. त्याच्या आखणीच्या काळात त्या भागातील उद्यान आयोगाचे अध्यक्ष रूझवेल्टच होते. रस्ता वळणावळणाचा आणि झाडीतून जाणारा असल्यामुळे गाडी लागणाऱ्यांनी आधी काळजी घ्यावी.

गाडी नसल्यास ग्रँड सेंट्रल स्थानकावरून मेट्रो-नॉर्थच्या हडसन मार्गाने पकीप्सीपर्यंत यावे आणि पुढचे सहा-सात मैल टॅक्सीने जावे. जाताना डाव्या बाजूची खिडकी धरावी, कारण गाडी जवळजवळ सगळा वेळ नदीच्या काठाकाठाने धावते. परतीची टॅक्सी मात्र आधीच ठरवून ठेवावी, कारण गाव लहान आहे.

तिकिटे कोठे मिळतात? दोन वेगवेगळी काढावी लागतात का?

आवारात शिरताच रूझवेल्ट यांचे उपाध्यक्ष हेन्री वॉलेस यांच्या नावाचे अभ्यागत केंद्र लागते. तिकिटे तेथेच मिळतात. संग्रहालय राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ताब्यात आहे, तर घर आणि आवार राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे. म्हणूनच उद्यान सेवेचा वार्षिक पास जवळ असला, तरी तो संग्रहालयासाठी चालेल असे गृहीत धरू नये. पास खिडकीवर दाखवून त्यात काय येते ते विचारावे. १५ वर्षे व त्याखालील मुलांना प्रवेशमूल्य नाही. प्रौढांचे दर आणि घर दाखवण्याच्या वेळा ऋतूनुसार बदलत असल्यामुळे त्या निघण्याच्या आदल्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्याव्यात.

एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. दोन्ही संस्था केंद्र सरकारच्या असल्यामुळे अंदाजपत्रकाच्या वादातून सरकारी कामकाज बंद पडले, की त्यांनाही टाळे लागते. थँक्सगिव्हिंग, नाताळ आणि १ जानेवारी या दिवशी तर त्या बंदच असतात.

आधी घर पाहावे की संग्रहालय?

घर मार्गदर्शकासोबत, ठरलेल्या वेळीच पाहता येते. त्यामुळे पोहोचल्याबरोबर घराची वेळ पक्की करावी आणि दिवसाची आखणी तिच्याभोवती करावी. निवड हाती असेल तर आधी संग्रहालय, मग घर, हा क्रम आम्ही सुचवू. संग्रहालयात महामंदी आणि महायुद्ध यांचा सारा पट डोळ्यांपुढून गेलेला असतो आणि त्यानंतर ज्या माणसाने हे सारे हाताळले, तो रोज कोणत्या खोलीत झोपत होता आणि कोणत्या खिडकीतून नदी पाहत होता, हे कळते. संग्रहालयाला दोन तास, घराला सुमारे एक तास आणि गुलाबाच्या बागेतील समाधीला अर्धा तास लागतो. जेवण आणि ज्येष्ठांची विश्रांती धरता दुपारचे तीन सहज वाजतात.

संग्रहालयात आवर्जून काय पाहावे?

पहिल्या दालनांत १९३३ चा मार्च महिना उभा राहतो. बँका पटापट बुडत होत्या, चौघांतला एक कामगार बेकार होता आणि लोक हाती लागतील तेवढ्या नोटा काढून घरी ठेवत होते. ४ मार्चला रूझवेल्ट यांनी शपथ घेतली, दोनच दिवसांनी देशातल्या सर्व बँका सक्तीने बंद ठेवल्या आणि १२ मार्चच्या रविवारी रात्री रेडिओवरून, बँकेत ठेवलेल्या पैशांचे पुढे काय होते हे घरातल्या वडीलधाऱ्याच्या समजुतीच्या स्वरात सांगितले. दुसऱ्या दिवशी बँका उघडू लागल्या, तेव्हा लोक पैसे काढण्याऐवजी भरायला रांगेत उभे राहिले. त्या काळच्या स्वयंपाकघरासारख्या सजवलेल्या जागेत, जुन्या रेडिओशेजारी ही भाषणे ऐकता येतात. येथे घाई करू नये. दहा मिनिटे बसून एक भाषण तरी ऐकावे.

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आपल्या लोकांना या दालनात स्वतःच्या जगण्याचा धागाही सापडतो. येथे उतरल्यावर पहिल्याच आठवड्यांत ज्या सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठी आपण अर्ज करतो आणि ज्या नावाने दर पगारातून कपात होते, तो कायदा १४ ऑगस्ट १९३५ रोजी रूझवेल्ट यांच्या सहीने झाला. त्याची आखणी करणाऱ्यांत आघाडीवर होत्या मजूर खात्याच्या मंत्री फ्रान्सिस पर्किन्स, म्हणजेच अमेरिकेच्या मंत्रिमंडळातील पहिली महिला. बँकेच्या दारावर ठेवींच्या विम्याची जी पाटी दिसते, तीही १९३३ च्या कायद्याची देणगी. आरंभी २,५०० डॉलर असलेली त्या विम्याची मर्यादा आज २,५०,००० डॉलर आहे. सामाजिक सुरक्षेच्या मूळ कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले होते आणि त्यामुळे कृष्णवर्णीयांचा फार मोठा वर्ग वंचित राहिला, हेही मोठ्या मुलांना सांगावे.

युद्धाच्या दालनांत भाषणांचे मसुदे आहेत. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर दुसऱ्या दिवशी, ८ डिसेंबर १९४१ रोजी अमेरिकी संसदेपुढे केलेल्या भाषणाच्या टंकलिखित मसुद्यात रूझवेल्ट यांनी स्वतःच्या हाताने केलेली खाडाखोड पाहताना कळते, की जगाला पाठ झालेले वाक्यही आधी कच्चेच उतरलेले असते. अणुबाँबच्या शक्यतेविषयी आइन्स्टाइन यांच्या सहीने आलेले, २ ऑगस्ट १९३९ या तारखेचे पत्रही याच ग्रंथालयाच्या संग्रहातले आहे.

लहान मुले कंटाळतील का?

सात-आठ वर्षांपुढील मुले सहसा कंटाळत नाहीत, कारण त्यांच्या डोळ्यांत भरणाऱ्या वस्तू पुष्कळ आहेत. कागदाच्या लगद्याचा सुमारे ८ फूट उंचीचा स्फिंक्स त्यांना सर्वांत आवडतो. त्याचा चेहरा रूझवेल्ट यांचा असून तोंडात लांब सिगारेट-होल्डर आहे. तिसऱ्यांदा निवडणूक लढवणार का, या प्रश्नावर ते १९३९ भर मौन बाळगून होते, म्हणून वॉशिंग्टनच्या पत्रकारांनी आपल्या वार्षिक मेजवानीसाठी तो बनवला आणि रूझवेल्ट यांनी तो हौसेने आपल्या संग्रहालयासाठी मिळवला. जहाजांच्या लहान प्रतिकृतीही मुलांना खिळवून ठेवतात. फाला नावाच्या त्यांच्या काळ्या स्कॉटिश टेरियर कुत्र्याची गोष्ट मुलांना गाडीतच सांगून ठेवावी, म्हणजे बागेत रूझवेल्ट यांच्या समाधीजवळ त्याला पुरलेली जागा ती आपण होऊन शोधतात. पाच वर्षांखालील मुले असतील, तर आई-वडिलांपैकी एकाने त्यांच्यासोबत बाहेरच्या हिरवळीवर थांबावे आणि मग पाळी बदलावी.

रूझवेल्ट यांना चालता येत नव्हते, हे तेथे दाखवले जाते का?

होय, आणि आमच्या मते सहलीतला हाच भाग सर्वांत मोलाचा आहे. ऑगस्ट १९२१ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी त्यांना पोलिओ झाला आणि त्यानंतर आधाराशिवाय चालणे कायमचे थांबले. संग्रहालयात त्यांच्या पायांना बांधायच्या पोलादी पट्ट्या आहेत. हाताने चालवता यावी म्हणून बदल करून घेतलेली १९३६ ची निळी फोर्ड फेटन गाडी आहे. तिचा ब्रेक आणि क्लच पायांऐवजी हातातल्या दांड्यांनी चालत असे. त्यांची चाकाची खुर्ची रुग्णालयातल्या खुर्चीसारखी दिसत नाही. हात नसलेल्या साध्या लाकडी खुर्चीचे पाय काढून तिला लहान चाके बसवली आहेत, जेणेकरून ती जुन्या घराच्या अरुंद दारांतून जाईल आणि टेबलाजवळ कोणाच्या नजरेत भरणार नाही.

घरात जिन्याजवळ एक लहानशी लिफ्ट आहे. मुळात ती ट्रंका वर चढवण्यासाठी होती. रूझवेल्ट खुर्चीसह तिच्यात शिरत आणि कप्पीवरचा दोर दोन्ही हातांनी ओढत स्वतःला वरच्या मजल्यावर नेत. आग लागून वीज गेली तर आपण मध्येच अडकू, या भीतीने त्यांनी तिला विजेची मोटर बसवू दिली नाही. तो दोर आणि ती अरुंद जागा जवळून पाहिल्यावर, पायांत बळ नसलेल्या माणसाचे खांदे किती भक्कम झाले असतील, याचा अंदाज येतो. आपल्या घरांत पोलिओची आठवण फार जुनी नाही. भारत पोलिओमुक्त घोषित झाला तो २०१४ मध्ये, त्यामुळे आजी-आजोबांना येथे नातवंडांना सांगण्यासारखे बरेच असते. पोलिओ लसीच्या संशोधनाला बळ देणारी देशव्यापी निधी-चळवळही रूझवेल्ट यांनीच १९३८ मध्ये उभी केली होती.

भारताशी या ठिकाणाचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो औपचारिक नाही. एप्रिल १९४२ मध्ये ब्रिटिश मंत्री क्रिप्स यांच्या भारतीय नेत्यांशी वाटाघाटी चालू असताना रूझवेल्ट यांचे खास प्रतिनिधी लुई जॉन्सन दिल्लीत होते आणि भारताला स्वराज्य देण्याबाबत रूझवेल्ट यांनी चर्चिल यांच्याकडे आग्रहही धरला होता. चर्चिल यांनी दाद दिली नाही आणि युद्धातली दोस्ती टिकवण्यासाठी रूझवेल्ट यांनी विषय पुढे रेटला नाही. १ जुलै १९४२ रोजी गांधीजींनी त्यांना पत्र लिहिले. रूझवेल्ट यांच्या उत्तरावर १ ऑगस्ट ही तारीख आहे. त्यानंतर आठच दिवसांनी, गवालिया टँकवरील ‘चले जाव’च्या ठरावाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजींना मुंबईत अटक झाली आणि पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आले.

रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनॉर यांच्याशी भारताचे नाते अधिक जवळचे होते. १९४९ च्या अमेरिका दौऱ्यात पंडित नेहरू हाइड पार्कला आले आणि १९५२ मध्ये एलिनॉर भारतात येऊन गेल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाच्या त्या अध्यक्षा असताना भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता होत्या. मुंबईच्या विधिमंडळात आणि घटना समितीत काम केलेल्या व पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झालेल्या हंसाबाईंच्या आग्रहामुळेच मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात केवळ पुरुषांचा नव्हे, तर सर्व मानवांचा उल्लेख आला. एलिनॉर यांच्या दालनात मुलींना घेऊन उभे राहाल, तेव्हा हे नाव जरूर सांगावे.

तेथे रूझवेल्ट यांचा केवळ गौरवच केलेला आहे का?

नाही. रूझवेल्ट यांच्या १९ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशाने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरदार सोडायला लावून छावण्यांत डांबण्यात आले आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. युरोपातून पळालेल्या ज्यूंना आश्रय देण्यात अमेरिका कमी पडली, हा आक्षेपही आहे. या वादांची मूळ कागदपत्रे पडद्यावर वाचता येतील अशी सोय दालनांमध्ये केलेली आहे आणि महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांनी तेथे वेळ द्यावा.

आपली मुले येथे हमखास विचारतात, की त्या काळी आपण इथले नागरिक होऊ शकलो असतो का. याचे खरे उत्तर ‘नाही’ असे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९२३ च्या निकालाने भारतीयांना नागरिकत्वाचे दार बंद झाले होते. ते उघडले रूझवेल्ट यांच्या मृत्यूनंतर, २ जुलै १९४६ च्या कायद्याने, आणि तेव्हाही वर्षाला केवळ १०० भारतीयांना स्थायिक होण्याची मुभा होती. हे उत्तर झाकून ठेवू नये.

आजी-आजोबांना झेपेल का?

अभ्यागत केंद्र आणि संग्रहालय यांत फारशी अडचण येत नाही. घराच्या वरच्या मजल्यावर मात्र जिन्याने जावे लागते आणि तेथे गटासोबत बराच वेळ उभे राहावे लागते. गुडघेदुखी असल्यास खालचा मजला पाहून थांबावे. दिवाणखाना, भोजनगृह आणि प्रवेशदालनात मांडलेला, रूझवेल्ट यांनी लहानपणी जमवलेल्या पक्ष्यांचा संग्रह खालीच आहे. चाकाची खुर्ची लागणार असेल, तर आधी दूरध्वनी करून विचारून ठेवावे. एका इमारतीपासून दुसऱ्या इमारतीपर्यंत उघड्यावरून चालावे लागत असल्यामुळे ऑक्टोबरपासून स्वेटर आणि कानटोपी सोबत असावी.

शाकाहारी जेवणाचे काय?

डबा घेऊन जावा, हे उत्तम. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी आणि दहीभात असला की कोणाचे काही अडत नाही. हिरवळीवर झाडाखाली बसावे, परंतु कचरा सोबत परत आणावा. नाहीतर पकीप्सीत हॉटेले पुष्कळ आहेत.

जाण्यास कोणता काळ चांगला?

जून महिन्यात बाग फुललेली असते, तर ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढे पंधरा दिवस हडसन खोऱ्यातली झाडे रंग बदलतात. रूझवेल्ट स्वतःचा व्यवसाय झाडे लावणारा असा सांगत आणि या मळ्यात त्यांनी पाच लाखांहून अधिक झाडे लावून घेतली. रानातल्या पायवाटांनी जाणार असाल तर एक सूचना काटेकोरपणे पाळावी: या भागात हरणांच्या अंगावरच्या गोचिड्या फार असतात आणि त्यांच्या चाव्याने लाइम रोग होतो. पायांत पूर्ण पँट आणि मोजे घालावेत आणि घरी परतल्यावर मुलांच्या काखा, मान व गुडघ्यांमागची जागा नीट तपासावी.

वेळ उरल्यास आसपास आणखी काय पाहावे?

पहिली पसंती दोन मैलांवरच्या व्हॅल-किलला द्यावी. रूझवेल्ट यांच्या मृत्यूनंतर एलिनॉर तेथे राहत असत. मोठ्या घराच्या मानाने ते इतके साधे आहे, की सासूबाईंच्या घरात त्यांना आपले असे काय लाभले नव्हते, ते न सांगता समजते. स्प्रिंगवूड नावाचे ते मोठे घर रूझवेल्ट यांच्या आई सारा यांचे होते आणि १९४१ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत तेथे त्यांचाच शब्द चाले.

मुलांना पाय मोकळे करायचे असतील, तर पकीप्सीचा जुना रेल्वेपूल गाठावा. १८८९ मध्ये बांधलेला हा पूल २००९ पासून पादचाऱ्यांसाठी खुला आहे. तो सव्वा मैलाहून थोडा लांब असून नदीपासून २१२ फूट उंच आहे. व्हँडरबिल्ट यांचा वाडा जवळच आहे, पण एकाच दिवसात तोही उरकण्याचा हट्ट धरू नये.

घरी आल्यावर मूळ कागदपत्रे पाहता येतील का?

ग्रंथालयाकडे सुमारे १ कोटी ७० लाख पाने आहेत आणि त्यांतला मोठा भाग संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येतो. शाळेच्या प्रकल्पासाठी भारतविषयक पत्रव्यवहार हा उत्तम विषय आहे. प्रत्यक्ष कागद हाताळायचे असतील, तर अभ्यासकांच्या कक्षात नोंदणी करावी लागते. त्यासाठी विद्यापीठाशी संबंध असण्याची अट नाही, मात्र छायाचित्र असलेले ओळखपत्र लागते, कोणत्या पेट्या हव्यात ते आधी पत्राने कळवणे सोयीचे पडते आणि आत पेनऐवजी पेन्सिलच वापरावी लागते.